जुन्या कंटेनरचं घर आणि वर सोलर, माणच्या उन्हात माणूस राहू शकेल का?

माणदेशी:
नमस्कार मंडळी. दहिवडीजवळ आमचं रान आहे, डाळिंबाची बाग आहे. गावातलं जुनं घर पडायला आलंय, म्हणून आई-आण्णा आता रानातच राहायचं म्हणतायत. विटांचं बांधकाम काढायचं तर वाळू, गवंडी, पाणी सगळ्याचीच ओढाताण, त्यात आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायला टँकर. म्हणून न्हावाशेवाकडनं वापरलेला ४० फुटी कंटेनर आणून त्यात एक खोली, किचन, संडास-बाथरूम करायचं आणि वर सोलर टाकायचं असं डोक्यात आहे. काळजी एकच, ऊन. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही आणि आईला बीपी आहे. एक फॅब्रिकेटर म्हणतो आतनं थर्माकोल-प्लाय मारा आणि एसी टाका, झालं. खरंच होतं का एवढ्यावर? सोलरवर एसी चालेल का, सबसिडी मिळते का, आणि कंटेनर घेताना नेमकं काय बघायचं? ज्यांनी जवळून काम बघितलंय त्यांनी जरूर सांगा.

कुपवाड_वेल्डर:
दादा, आमचं कुपवाडला हेच काम आहे, साईट ऑफिस पण करतो आणि राहायचे पण. आईंसाठी करताय तर थर्माकोलवर भागवू नका. पत्रा आणि थर्माकोलच्या मधे फट राहते, थंडीत रात्री आतल्या स्वयंपाकाची, श्वासाची वाफ तिथं जाऊन पत्र्याला घाम सुटतो, ते पाणी प्लायच्या मागनं खाली उतरतं आणि कंटेनर आतनं गंजायला लागतो, बाहेरनं कळत पण नाही. पीयू फोमचा (उष्णता अडवणारा फेस) स्प्रे पत्र्याला चिकटून बसतो, महाग आहे पण तोच मारा. आणि त्याच्याही आधी ऊन पत्र्याला लागूच द्यायचं नाही. वर मोकळी हवा सोडून दुसरं छप्पर आणि पश्चिमेला पडवी, हा पहिला खर्च धरा, एसी नंतर. कंटेनर पूर्व-पश्चिम लांब ठेवा म्हणजे संध्याकाळचं तिरकं ऊन फक्त आठ फुटी तोंडावर येतं.

घेताना हाय क्यूबच घ्या, बाहेरनं साडेनऊ फूट उंच असतो. साधा साडेआठचा घेतला तर वरनं फोम, खालनं टाईल्स, मग पंखा डोक्याला लागतो. रुंदी आतनं जेमतेम ७ फूट ८ इंच मिळते, दोन्ही बाजूचं अस्तर धरलं की सव्वासातवर येते, पलंगाचं माप आधी टाकून बघा. दारावर एक पत्र्याची पाटी असते, सीएससी प्लेट म्हणतात, तिच्यावर बनवल्याची तारीख आणि खालच्या प्लायला कुठलं औषध मारलंय ते कोरलेलं असतं. ती प्लाय २८ मिलिमीटरची, कीड लागू नये म्हणून विषारी औषध पाजलेली, शिवाय आधी काय माल वाहिलाय आणि काय सांडलंय याचा पत्ता नसतो. म्हातारी माणसं राहणार आहेत, ती काढून सिमेंट बोर्ड टाका, निदान वरनं इपॉक्सी मारून बंद तरी करा. छत बघायला दुपारी आत जाऊन दार लावून घ्या, भोक असलं तर उजेडाचा ठिपका दिसतोच.

खिडक्या पाडायची घाई नको. जहाजावर भरलेले सात-आठ एकावर एक बसतात ते चार कोपऱ्यांच्या खांबांवर, भिंत कापली की ती ताकद जाते, म्हणून प्रत्येक खिडकी-दाराला बॉक्स पाईपची चौकट वेल्ड करून घ्यायची. आणि पाणंद मोजा! ४० फुटी ट्रेलर वळणार का, उचलणाऱ्या हायड्रा क्रेनला उभं राहायला कडक जागा आहे का. नाहीतर २० फुटी दोन घ्या.

सोलरवाला_सातारा:
वरच्या भाऊंनी छपराचं सांगितलं तेच काम पॅनलकडनं करून घ्या. ५४० वॉटचा एक पॅनल साधारण साडेसात फूट बाय पावणेचार. ३ किलोवॉटला सहा लागतात, ओळीनं टाकले की ४० मधले २२-२३ फूट झाकले जातात, उरलेल्यावर साधा पत्रा. आपल्याकडं दक्षिणेला १७-१८ अंश उतार देतात, म्हणजे उत्तरेची कड दोन-सव्वादोन फूट वर जाते आणि पॅनलखालची गरम हवा तिकडनं निघून जाते. आईंची झोपायची खोली पॅनलखालीच येऊ द्या. स्ट्रक्चर कोपऱ्यांच्या कास्टिंगवर (कोपऱ्यातले जाड लोखंडी ठोकळे) आणि वरच्या कडेच्या बीमवर वेल्ड करा, छताला ड्रिल अजिबात मारू नका, तिथनंच गळती सुरू होते.

३ किलोवॉट चांगल्या उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास देतं. एक टनाचा इन्व्हर्टर एसी दुपारी चार तास चालवला तरी फ्रिज, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे, दिवे आरामात निघतात, कारण ज्या वेळी एसी पाहिजे त्याच वेळी वीज पण भरपूर असते. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात, पण घरगुती मीटर लागतं, शेतीपंपाच्या कनेक्शनवर नाही, आणि पॅनल देशी सेलचे पाहिजेत. नुसतं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय सरकारी लाईनला जोडलेलं, बसवलं तर लाईट गेली की भर उन्हात सोलर पण बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशी सोयच असते. रानात लाईट कशी येते-जाते तुम्हाला माहितीच आहे, तेव्हा लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि छोटी लिथियम बॅटरी घ्या.

अर्थिंगवर एक रुपया वाचवू नका. अख्खं घर लोखंडाचं आहे, वायर कुठं सोलली तर भिंतच जिवंत होते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारं बटण), बॉडीला वेगळं अर्थिंग, आणि वळवाच्या पावसात माळावर विजा पडतात म्हणून लाईटनिंग अरेस्टर, त्याच्या अर्थिंगचा खड्डा पण स्वतंत्र.

कृष्णाकाठ:
आमच्या सांगलीकडचे कोणी हे वाचून नदीकाठच्या मळीत कंटेनर ठेवायचं मनात आणत असतील तर कृपा करून आणू नका. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४० फुटी रिकामा कंटेनर पावणेचार टनाचा, दार बंद असलं तर अर्ध्या फुटाच्या आतच तरंगायला लागतो, आतलं सामान धरून फूटभर म्हणा. पायाला बोल्ट करून बांधलेला नसला तर कुणाच्या तरी घरावर जाऊन आदळायचा. माणला पुराची भीती नाही, पण माळावरचा वारा बघता तुम्ही पण कोपरे पायात बांधाच. आणि कंटेनर आहे म्हणून परवानगी लागत नाही हे खोटं आहे, राहायचं म्हटल्यावर ग्रामपंचायत आणि तलाठी दोघांकडं आधी जाऊन या, घरगुती मीटरला पण तोच कागद लागेल.

माणदेशी:
मनापासून आभार सगळ्यांचे. आण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले पश्चिमेला पडवी आठ फुटाची धरा, आईला तिथं निवडणं-टिपणं करता येईल. पाणंद मोजली, ट्रेलर वळणार नाही, म्हणजे २० फुटी दोनच. मग वेल्डरभाऊ, दोन शेजारी जोडून मधली भिंत काढली तर खोली रुंद होईल ना?

कुपवाड_वेल्डर:
होईल, पंधरा फुटी खोली मिळेल. पण जिथं भिंत काढाल तिथं वर आय-बीम आणि मधे एक खांब लागेल, आणि दोन छतांमधल्या सांध्यावर पत्र्याची पन्हळ अशी बसवा की पाणी बाहेरच पडलं पाहिजे, नुसत्या सिलिकॉनवर सोडू नका. पॅनलचं छप्पर दोन्हींवर मिळून एकच करा. माप पाठवा, चित्र काढून देतो.