१२ स्पीडचा ड्रायव्हर नवशिक्याच्या गळ्यात मारणाऱ्यांनो, जरा थांबा

सड्यावरचा:
काल ग्रुपवर एकाने डिस्क गोल्फ (फ्रिसबीसारखी डिस्क फेकत फेकत बास्केटमध्ये टाकायचा खेळ) नव्याने खेळणाऱ्यांसाठी खरेदीची यादी टाकली. सात डिस्क, पाठीवरची बॅग, घडीची बास्केट आणि सगळ्यात वर डेस्ट्रॉयर, म्हणजे लांब फेकायचा १२ स्पीडचा ड्रायव्हर. का तर म्हणे "पुढे घ्यायचीच आहे तर आत्ताच घ्या, हात आपोआप बसतो". वाचून डोकंच फिरलं. अहो, डेस्ट्रॉयरचे आकडे १२, ५, उणे १, ३, म्हणजे क्रमाने स्पीड, हवेत तरंगत राहणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. त्यातला १२ म्हणजे डिस्क स्वतःहून पळते असं नाही, तेवढ्या जोरात फेकलीत तर पुढचे तीन आकडे खरे, नाहीतर उजव्या हाताच्या बॅकहँडला ती सुटल्या सुटल्या डावीकडे वळते आणि जमिनीवर. मी सहा महिने हेच केलं आणि दोष मनगटाला देत बसलो. मग एकाने एव्हिएर हातात दिली, साधा पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क), २, ३, ०, १, आणि तो माझ्या ड्रायव्हरच्या पुढे जाऊन पडला. लाज वाटली खरं सांगतो. तेव्हा एक पटर, एक मधल्या अंतराची मिडरेंज (बझ नाहीतर माको३), दोन्ही साध्या बेस प्लास्टिकमध्ये, बास. फारच हौस असेल तर लेपर्ड हा हलका ड्रायव्हर, तिचा स्पीड ६ आहे, हात मोडत नाही.

मिरामार१७५:
यादी मी टाकली होती. "एकाने" काय, नाव घ्यायला लाजलास? मी आठ वर्षं किनाऱ्यावर अल्टिमेट (फ्रिसबीचा सांघिक खेळ) खेळतोय, डेस्ट्रॉयर पहिल्याच दिवशी सरळ गेली माझी. आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तुझी ती लेपर्ड समोरच्या वाऱ्यात उलटी होऊन उजवीकडे कुठच्या कुठे जाते, ते कोण सांगणार नवीन पोरांना?

सड्यावरचा:
आठ वर्षं अल्टिमेटची १७५ ग्रॅमची डिस्क फेकलेला माणूस नवशिका कसा रे? पोहणाऱ्याने बुडणाऱ्याला सांगावं की पाणी काय खोल नाही, तशातली गत. वाऱ्याचं मान्य, पण त्यावर उपाय सकाळी सातला उठणं हा आहे, १२ स्पीड नाही.

चिरेखाण:
दोघेही वाऱ्यावर भांडताय, खाली जमीन कसली आहे ते बघा. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. बेस प्लास्टिकची माझी मिडरेंज दोन रविवारांत कुत्र्याने चावल्यासारखी झाली, कडा खरचटल्या आणि सरळ जाणारी डिस्क उजवीकडे वळायला लागली. परदेशातले लोक हिरवळीवर खेळून "बेस घ्या, स्वस्त पडतं" लिहितात ते इथे चिकटवू नका. चॅम्पियन प्लास्टिक महाग आहे पण टिकतं. आणि लाल रंग घेऊ नका, मातीत दिसत नाही, मी अर्धा तास पायाखालची डिस्क शोधत होतो.

सड्यावरचा:
हां, मिडरेंजपुरतं ऐकलं. पटर मात्र बेसच, पावसात चॅम्पियन हातातून साबणासारखी सुटते. एवढंच देणार, जास्त नाही.

माडाखालची:
पटर काय नि ड्रायव्हर काय, माझी पहिली डिस्क अजून शेजारच्या माडाच्या चुडतांत आहे. पाडेलीला सांगितलं तर म्हणतो नारळ पाडायला येईन तेव्हा काढतो. तीन महिन्यांनी येणार होता, पाच झाले. नारळ डोक्यावर पडतील की डिस्क, वाट बघतेय.

डिचोलीकर:
बाय, तुमचा निदान हो म्हणतो. आमचा गल्फला गेला, त्याचा मुलगा ऑफिसात आहे, तो कशाला चढतोय. दुसरा माडामागे शंभर रुपये घेतो, वर चार नारळ, आणि खाली उभं राहून आपणच वेचायचे.

चिरेखाण:
वेचायला नारळ उरतात तुमच्याकडे? आमचे माकडं नेतात. पिशव्या बांधा, फटाके लावा, काही होत नाही.

मिरामार१७५:
चढायचं यंत्र मिळतं, घ्या आणि स्वतः चढा. सगळं दुसऱ्याने करून द्यायला हवं तुम्हाला.

डिचोलीकर:
किनाऱ्यावर प्लास्टिक उडवणाऱ्याने माड कधी जवळून बघितलाय का? माझा भाऊ त्या यंत्राने चढला, अर्ध्यावर पाय अडकला, दोन तास वर. खालून आई शिव्या घालतेय, तो वरून घालतोय. तू ये, चढून दाखव, डिस्क पण काढ.

जुना_माणूस:
माडाची किंमत या सरकारांना कधीच नव्हती. २०१६ साली गोव्यात कायद्यात दुरुस्ती करून माडाला झाडांच्या यादीतून काढलं होतं, लोक ओरडले तेव्हा २०१७ मध्ये परत झाड झाला.

माडाखालची:
म्हणजे त्या काळात माझी डिस्क झाडात अडकलीच नसती, कायद्याने.

सड्यावरचा:
अरे विषय काय, चाललंय काय! धाग्यावर नवीन माणूस काय घेऊ म्हणून वाचत असेल, त्याला इथे पाडेलीचा दर कळतोय.

नवाच_आहे:
तो नवीन मीच. काल रात्रीच यादी बघून डेस्ट्रॉयर मागवली. लाल. १७५ ग्रॅम.

चिरेखाण:
देवा.

सड्यावरचा:
मिरामारवाल्या, बघ. आता बोल.

मिरामार१७५:
बरं बाबा, सात नकोत, तीन घ्या. पटर, मिड, आणि ड्रायव्हर घेतलाच तर ७ च्या वर नको आणि वजनाला १५० ते १६० च्या आसपास. यादी सुधारतो. तू लिहिलंस म्हणून नाही, हा पोरगा खांदा दुखवून घेईल म्हणून. आणि ती लाल मला दे, अर्ध्या किमतीत.

नवाच_आहे:
अर्ध्या का? पाकीट पण फोडलेलं नाही. आमच्या घरामागे खाजन (खाडीकाठची बांध घातलेली पाणथळ शेतजमीन) आहे, तिथे फेकली तर तरंगेल का?

चिरेखाण:
दगडासारखी बुडेल. पाण्याजवळ बेस प्लास्टिकमधली ड्रॅगन घे, ती तरंगते. तीही भरतीच्या वेळी मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) फेकू नकोस, मागून धावायला लागेल.

सड्यावरचा:
बेस म्हणालास हां तू. लिहून ठेवतो.

चिरेखाण:
पाण्यात म्हणालो, सड्यावर नाही. नीट वाच.

डिचोलीकर:
माडाखालची बाय, तुमच्या पाडेलीचा नंबर मेसेज कराल का? पाच महिने तर पाच महिने.

माडाखालची:
करते. पण पाऊस लागायच्या आत बोलवा, नंतर माडाला शेवाळ धरतं, तो चढत नाही. आणि आधी माझी डिस्क.