तेलपाणी सोपं, तार अवघड

हेरिटेज रेल्वेवर (जुनी, जपून ठेवलेली रेल्वे) स्वयंसेवकांची सिग्नल-देखभाल म्हणजे रंगकाम आणि तेलपाणी, असं कुणी म्हणतं. पण केबिनमधल्या लिव्हरपासून सिग्नलच्या हलत्या हातापर्यंत जाणारी तार असते ना, निम्मा जीव त्या तारेतच जातो हो! ८०० मीटर पोलादी तार पारा २० अंशांनी चढला की सुमारे १९ सेंटिमीटर लांबते. मग केबिनमध्ये लिव्हर पूर्ण ओढला तरी तिकडे सिग्नलचा हात अर्धवटच हलतो. थंडीत उलटं: तार आखडते आणि 'थांबा'वरचा हात किंचित सरकलेला राहतो. हे जास्त वाईट. म्हणून ताण रोज बघायचा.

तार ज्यांवरून सरकते त्या कप्प्यांना (चाकांना) तेल थेंबभरच, नाहीतर धूळ बसून लगदा होतो (हात काळे करून शिकलोय). इंटरलॉकिंगला (परस्परविरोधी लिव्हर एकाच वेळी ओढू न देणाऱ्या यंत्रणेला) मात्र नवख्यांनी शिवूसुद्धा नये. तिथली एखादी खाच झिजली, तर परस्परविरोधी सिग्नल एकाच वेळी 'जा' दाखवू शकतात.