प्लास्टिकचं खुराडं: कोंबडी सुखी की फक्त मालक?

कवेलूवाला (वर्धा)
परवा 'नवा पोल्ट्रीवाला' यांनी इथं टाकलं: "बांबू-लाकडाची खुराडी चुलीत घाला. प्लास्टिकचं रेडिमेड घ्या, पाइप मारा, पाच मिनिटांत साफ. सडत नाही, किडत नाही, कोंबडी शंभर टक्के सुरक्षित." खाली अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितो.

साहेब, सोबत टाकलेला तो फोटो कुठला आहे? मागं धुकं, हिरवळ, स्वेटर घातलेली बाई. आपल्याकडं मे-अखेरचा नवतपा लागला की पारा ४५ च्या वर असतो. कोंबडीचं अंगच ४१ अंशांच्या आसपास गरम, आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या, पंख फुलवायचे, एवढंच तिच्या हातात. त्या धापेची वाफ बाहेर गेली तरच ती गार होणार. तुमच्या डब्याला दोन बोटं रुंद जाळी. वाफ आतच कोंडली तर बिचारीनं धापा टाकून करायचं काय? आमच्या शेजाऱ्यांनी असंच आणलं, अंगणात ठेवलं, लग्नाला गेले. संध्याकाळी गिरीराज जातीच्या कोंबड्या आडव्या पडलेल्या.

आणि टिकण्याचं म्हणाल तर पाण्याच्या टाक्या उगाच काळ्या नसतात. कार्बन घातलेलं प्लास्टिक उन्हाला टिकतं. हे स्वस्तातलं लाल-पिवळं दोन-तीन उन्हाळ्यांत कडकड मोडायला लागतं आणि कोंबड्या ते तुकडे टिपतात. काळं घ्या, तापेल. रंगीत घ्या, तुटेल. आता सांगा, शंभर टक्के कुठं आहे?

नवा पोल्ट्रीवाला
अंगणात उन्हात ठेवून लग्नाला जायचं मी लिहिलं होतं का? टिनाचं खुराडं उन्हात ठेवलं असतं तर कोंबड्या नाचल्या असत्या? निंबाखाली ठेवा. दोष प्लास्टिकचा नाही, शेजाऱ्याच्या अकलेचा आहे.

बांबूच्या फटीत बसणाऱ्या गोचिडीबद्दल एक अक्षर नाही तुमचं. दिवसा फटीत, रात्री कोंबडीच्या अंगावर. खुराडं रिकामं ठेवलं तरी महिनोन्महिने उपाशी जिवंत राहते ती. तुरा फिका पडतो, अंडी बंद होतात, तेव्हा कळतं. राख, चुना, रॉकेल सगळं केलंय माझ्या वडिलांनी. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, मार्च २०२४ मध्ये तर नागपुरातच. औषध फवारायची वेळ आली की प्लास्टिक पुसून निघतं. बांबूच्या तट्ट्याच्या पोटात शिरलेलं कसं काढणार, फुंकून?

अंडेवाली मावशी
काऊन भांडता बाप्पा. प्लास्टिकच्या खुराड्याचा तळ घुशीनं कुरतडला माया. रातच्याले मुंगूस आत, सकाळी नुसते पिसं. बांबू बी कुरतडते म्हना, पन त्याले वेळ लागते, तवरिक कुत्रं भुकते. अन् आतली दांडी एवढी गुळगुळीत, कोंबडी बसली का घसरते. म्या त्याले सुतळी गुंडाळली. पन धुवाले सोपं हाय, हे मानतो म्या. तेवढंच.

झाडीपट्टीचा गडी
रेडिमेडचा खर्च कायले गा? भंगारातून निळा ड्रम घेतला, आडवा पाडला, तोंड कापून जाळी लावली. खाली धानाचा कोंडा. झालं खुराडं. वाऱ्याच्या दिशेनं तोंड केलं का गार बी राहते.

कवेलूवाला (वर्धा)
ड्रम कशाचा?

झाडीपट्टीचा गडी
निळा.

फवारणीतून वाचलेला
रंग नाही विचारला, भाऊ, आत काय होतं ते विचारलं. मी यवतमाळचा. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. मी दवाखान्यात पडून होतो, बाजूच्या खाटेवरचा उठलाच नाही. औषधाच्या डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, रिकामा डबा पुन्हा वापरू नका, फोडून गाडून टाका. आणि आपल्या गावात त्याच डब्यात पाणी, त्याच डब्यात ज्वारी, आता त्याच्यात कोंबड्या. तेलकट औषध प्लास्टिकमध्ये मुरतं. तीनदा धुवा, उन्हात तापलं की वास येतोच.

झाडीपट्टीचा गडी
माया ड्रमात साबणाचं काहीतरी होतं म्हने भंगारवाला. आन् धानावर आमी बी फवारतो, काई नाई होत.

फवारणीतून वाचलेला
"काई नाई होत" असंच सगळे म्हणत होते. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, हवा कोंडलेली, पंप पाठीवर गळतोय, तोंडाला पंचा. दुकानदार म्हणतो हे दोन मिसळून मारा, अजून जोर येईल. हातमोजे कोणी दिले? आणि वरून आम्हालाच म्हणायचं, काळजी घेतली नाही!

बोंडअळीचा बाप
हे झालं २०१७ चं. गुलाबी बोंडअळी काऊन आली ते कोनी बोलत नाई. बीटी कापूस घ्या, फवारनी लागनार नाही, असं सांगून बियानं विकलं. त्याच साली आमचे बोंडं आतून पोखरून गेले अन् फवारनी दुप्पट झाली. आधी बियान्यावर बोला, मंग डब्यावर.

नवा पोल्ट्रीवाला
इथं खुराड्याची चर्चा चालू होती. कापसाचा धागा वेगळा काढा.

बोंडअळीचा बाप
तुमच्या खुराड्याले शेतातल्या डब्यापरस मोठं दुःख नाई दिसत.

फवारणीतून वाचलेला
वेगळा धागा काढून काय होणार? डबे घरात येतात ते घरातल्याच धाग्यात बोललं पाहिजे. उद्या त्या ड्रमातल्या कोंबडीची अंडी लेकरू खाणार.

झाडीपट्टीचा गडी
आता मी लेकराले विष देतो काय? तोंड सांभाळून लिवा.

नागपुरी तात्या
शांत व्हा रे, लढून काय राहिले. उन्हाचाच प्रश्न असेल तर छतावर थर्माकोल चिकटवा. मी हेच करून राहिलो.

कवेलूवाला (वर्धा)
तात्या, चोच पोहोचेल तिथं थर्माकोल नको. कोंबड्या तो शेंगदाण्यासारखा खातात, एक शीट बघता बघता फस्त. वरून लावा, आतून नाही. त्यापेक्षा छतावर ओलं पोतं टाका, मेमध्ये हवा कोरडी असते, पाणी उडतं आणि आत गार होतं. जुलैमध्ये हे चालणार नाही. तेव्हा हवा ओली, प्लास्टिकच्या भिंतीला घाम सुटतो, विष्ठा भिजते आणि अमोनियानं डोळे झोंबतात. तुमचे नव्हे, कोंबडीचे.

नवा पोल्ट्रीवाला
बरं, महाराज. दोन्ही बाजूंच्या भिंती कापून कोंबडीजाळी ठोकतो, कोंडा बदलतो, निंबाखाली ठेवतो. मग तुमच्या तट्ट्यात आणि माझ्या डब्यात फरक गोचिडीचाच उरतो, आणि तो माझ्या बाजूचा. चालेल?

कवेलूवाला (वर्धा)
दोन्ही भिंती कापल्यावर राहिलं काय, तळ आणि झाकण. त्याला प्लास्टिकचं खुराडं म्हणा, मला हरकत नाही. किंमत मात्र अख्ख्याची दिली तुम्ही.

अंडेवाली मावशी
जाळी बारीक लावजा, मोठ्या भोकातून मुंगूस जाते. अन् ड्रमवाल्या भाऊ, रुसू नका, झाकनावर काय लिवलं हाय तेवढं वाचून सांगा.

झाडीपट्टीचा गडी
झाकन नाई आलं, मावशी. भंगारवाल्यानं ठेवून घेतलं.