रामापिथेकस आपला पूर्वज की ओरांगउटानचा नातेवाईक? बारावीवाल्या मुलीला काय सांगू?

बारावीची_आई
नमस्कार मंडळी, पोरगी नीटची तयारी करून राहिली आहे. काल रात्री एवोल्यूशनचा धडा वाचता वाचता तिनं मला अडवलं. पुस्तकात लिहिलंय की दीड कोटी वर्षांपूर्वी ड्रायोपिथेकस आणि रामापिथेकस नावाचे माणूस-माकडांच्या कुळातले प्राणी होते, त्यातला रामापिथेकस जास्त माणसासारखा. क्लासचे सर म्हणतात रामापिथेकस असा वेगळा प्राणीच नव्हता, तो शिवापिथेकस नावाच्या जुन्या प्राण्यातलाच, म्हणजे ओरांगउटान या बिनशेपटीच्या मोठ्या वानराच्या बाजूचा. माझे बाबा १९७४ ला मानवशास्त्र शिकले, त्यांच्या नोट्स काढून पाहिल्या तर त्यात माणसाच्या वंशवृक्षाच्या अगदी मुळाशी रामापिथेकस, लाल पेन्सिलनं गोल केलेला. मग खरं काय धरायचं?

दगडवाला_नागपूर
ताई, सर बरोबर आहेत, पण बाबांच्या नोट्स चुकीच्या म्हणून बाजूला टाकू नका, त्या काळी सगळीकडे तेच शिकवत होते. १९३२ ला हिमाचलमधल्या हरितल्यांगरला अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईसला वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. फक्त उजवी बाजू, थोडेसे दात. सुळा लहान असावा असं दिसत होतं, दाढांवर एनॅमल म्हणजे वरचं कठीण कवच जाड, म्हणजे माणसासारखं. पुढं १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम या जीवाश्म अभ्यासकांनी त्याला आपल्या वंशात बसवलं.

आता गडबड कुठं झाली ते घरीच करून बघता येईल. तुटलेल्या कंगव्याचा तुकडा घ्या, टेबलावर आडवा ठेवा आणि त्याच्याजवळ आरसा उभा धरा. कंगवा आरशाला समांतर ठेवला तर खरा आणि आरशातला अशा दातांच्या दोन सरळ समांतर रांगा दिसतात, चिंपांझीच्या टाळूसारख्या. तोच कंगवा मागच्या टोकाला जरासा बाहेर वळवा, रांगा मागं फाकतात आणि लगेच माणसाचा जबडा वाटायला लागतो. लुईसच्या तुकड्यात टाळूची मधली रेघच शिल्लक नव्हती, म्हणजे आरसा नेमका कुठं आणि किती तिरका धरायचा हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि तो माणसाच्या अंगानं धरला गेला.

मग १९६७ ला अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या सॅरिच आणि विल्सन यांनी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून सांगितलं की माणूस आणि आफ्रिकेतले एप (गोरिला, चिंपांझी) वेगळे होऊन फार तर ५० लाख वर्षं झाली. हाडंवाल्यांना ते बरीच वर्षं पटलं नाही. शेवटी पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकसचा चेहराच मिळाला. डोळ्यांच्या खोबणी उभट, एकमेकींना चिकटल्यागत जवळ, नाकाचा तळ टाळूत गुळगुळीत उतरलेला, सगळं ओरांगसारखं. १९८२ ला हे छापलं कोणी तर पिलबीमनीच, आणि आपलं आधीचं मत सोडलं. मला या पूर्ण गोष्टीत हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो.

दोन्ही एकच प्राणी ठरले; शिवापिथेकस हे नाव पिलग्रिम या भूवैज्ञानिकानं १९१० ला दिलेलं, रामापिथेकस १९३४ चं, आणि नियमानं जुनं नाव राहतं. परीक्षेत मात्र पुस्तकात आहे तेच मार्क करायला सांगा.

रामटेकचा_मास्तर
एक गोष्ट जोडतो कारण पोट्टे इथंच अडकतात. आपल्याकडं वानर म्हटलं की गडावरचे काळ्या तोंडाचे, हातातला प्रसाद ओढणारे लांब शेपटीवाले. ते एप नाहीत. एपला शेपूट नसते, आणि जीवाश्मात शेपूट कुठून मिळणार म्हणून दाढा बघतात. एपच्या खालच्या दाढेवर पाच उंचवटे आणि मधल्या खाचा इंग्रजी वायसारख्या, लंगूरच्या दाढेवर आडवे दोन बांध. गिबन, ओरांग, गोरिला, चिंपांझी आणि आपण, सगळे पाच उंचवट्यांचे. २०२० मध्ये जम्मूकडच्या रामनगरच्या एका दाढेवरून गिबनचा सुमारे १.३ कोटी वर्षं जुना नातेवाईक ओळखला, नाव काय ठेवलं तर कपी रामनगरेन्सिस. मी वर्गात एपला कपीच म्हणतो.

हाडं_आणि_माती
दगडवाला भाऊ, एक राहिलं. शिवापिथेकसचा चेहरा ओरांगचा आहे पण दंडाचं हाड जुळत नाही. ओरांग हातांनी लोंबकळत फिरतो, याचं हाड बघितलं तर हा फांद्यांवरून चार पायांवर चालणारा वाटतो. म्हणजे एकतर चेहऱ्याचं साम्य वेगवेगळं तयार झालं, नाहीतर लोंबकळणं ओरांगकडं नंतर आलं. बहुतेक लोक त्याला ओरांगच्याच शाखेत ठेवतात, पण हा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही, मुलीला हेही सांगा ताई.

बारावीची_आई
खूप धन्यवाद सगळ्यांना. पोरगी विचारते आपल्या नागपूरजवळ असं काही काहून सापडत नाही?

दगडवाला_नागपूर
आपल्या पायाखालचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आणि कामठीकडचा वाळूचा दगड त्याच्याही कितीतरी आधीचा. एप आले त्या काळातला गाळ आपल्याकडं साठलाच नाही म्हणा, तो हिमालयाच्या पायथ्याशी साठला, आजच्या शिवालिक टेकड्या त्याच गाळाच्या. जवळचं म्हणाल तर नर्मदेकाठी हथनोराला १९८२ ला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (जीएसआय) अरुण सोनकियांना माणसाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला, पण तो एप नाही, आपल्याच घराण्यातला.

बारावीची_आई
कंगवा आरशाजवळ धरून बघितला, पोरगी दहा मिनिटं नुसता कोन बदलत बसली होती. बाबांना फोन केला, ते म्हणाले लाल गोल खोडू नकोस, बाजूला समासात १९८२ लिही.