नत्र वाढवण्यापेक्षा ते कुणाच्या तोंडी जातं ते बघा

नत्र (नायट्रोजन) वाढवलं की पीक तणाला मागे टाकतं असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. पीक आधीच उंच, दाट असेल तर ठीक. पण पेरणीलाच सगळा युरिया फोकून दिला तर पहिला घास तणाचा. रानमाठासारखी तणं मिळेल तेवढं नत्र ओढून पानादेठात साठवतात, आणि मातीत नायट्रेट (नत्राचं एक रूप) वाढलं की काही तणांचं बी रुजायलाही चालना मिळते. म्हणून खत ओळीलगत, मातीआड, हप्त्यांनी द्यावं.

शेंगवर्गीय पिकांत तर उलटा डाव खेळता येतो. वाटाण्यात ओट किंवा बार्ली मिसळून पेरा. तृणधान्याची मुळं जमिनीतलं नत्र झपाट्याने उचलतात, तण उपाशी राहतं. वाटाणा मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतल्या नत्रावर भागवतो. मात्र वाटाण्याच्या मुळावरची गाठ नखाने फोडून बघाच. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, हिरवट किंवा करडी असेल तर नाही. मग हा डाव आपल्याच पिकावर उलटतो, त्यामुळे पेरणीआधी त्या पिकाचं रायझोबियम (गाठी बनवणारे जिवाणू) बियाण्याला जरूर चोळा.

शेंगवर्गीय तणांना यानं फारसा फरक पडत नाही; त्यांच्याही मुळांवर गाठी असतात. ती खुरप्यानेच काढावी लागतात.