गोगलगाय आणि ७६३५ दुरुस्त्या

व्यंगचित्र एका नजरेत कळतं, म्हणून ते अग्रलेखापेक्षा जास्त भिडतं, हा तुमचा मुद्दा मान्य. पण जे पटकन कळतं ते न्याय्य असतंच असं नाही. व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं चित्र बघा. संविधानरूपी गोगलगाईवर बाबासाहेब चाबूक घेऊन बसलेत, मागे नेहरूंनीही चाबूक उगारलाय, भोवती बघ्यांची गर्दी. घटनेला उशीर होतोय, एवढाच अर्थ तेव्हाच्या वाचकाने घेतला असेल. २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातलं हेच चित्र संसदेत गाजलं, तेव्हा अनेकांना दिसला तो बाबासाहेबांमागचा चाबूक. ‘यांना विनोदच कळत नाही’ म्हणून तो राग झटकून टाकणं मला अजिबात पटत नाही. अर्थात, त्या पुस्तकाचे एक मुख्य सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली, तिचंही समर्थन होऊच शकत नाही.

माझा आक्षेप चित्रात जे नाही त्याबद्दल आहे. उशीर का झाला? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनीच हिशेब दिला: मसुद्यावर सुमारे ७६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. एवढ्यांचा कीस पाडायला वेळ लागणारच! हे गोगलगाईच्या पाठीवर कसं दाखवणार? पाठ्यपुस्तकाने निदान चित्राखाली विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की संविधान सभेला इतका वेळ का लागला असेल. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्रांवर तर बऱ्याचदा साल आणि चित्रकाराची सहीसुद्धा नसते.