गिरगावातल्या वाड्या: जपायचं ते नेमकं काय?

मुगभाटकर
खोताची वाडी हेरिटेज यादीत आहे, तरी तिथल्या साठेक घरांपैकी निम्मीही उरली नाहीत. माझ्या मते घरांइतकीच गल्लीची ठेवणही जपली पाहिजे. ओटा, जिना, गॅलरी, सगळं वाटेकडे तोंड करून. वाड्या-चाळी पाडून उभ्या राहणाऱ्या टॉवरला खाली पार्किंगचे मजले. वरून हाक मारणार कोण? केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, कोणीही आत येऊन दर्शन घेतं. टॉवरच्या पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीतल्या गणपतीसाठी आधी गेटवर नाव लिहा!

तिसरामाळा
तुम्ही हल्ली राहता कुठे? आमच्या मजल्यावर दहा खोल्यांना दोन संडास. आईचे गुडघे गेलेत, जिन्याला टेकू लावलेत. जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचा जो ३३(७) नियम आहे, त्याखाली भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट, मालकी हक्काने, संडास घरात. गॅलरीचे फोटो काढायला येतात त्यांनी पावसाळ्यात एक रात्र राहून दाखवावं.

पेनांगवासी
इथल्या, मलेशियातल्या पेनांगच्या जॉर्ज टाउनचं सांगतो. जुन्या भाडे नियंत्रणामुळे खाली दुकान, वर घर अशा इमारती टिकल्या. दुरुस्तीला मात्र कोणी हात लावत नव्हतं. १ जानेवारी २००० ला नियंत्रण उठलं, भाडी भडकली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू निघाले. २००८ साली युनेस्कोचा जागतिक वारशाचा शिक्का बसला. आता त्याच इमारतींत हॉटेलं नि कॅफे. दर्शनी भाग अगदी देखणा, पण संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसणारे म्हातारे फार कमी. महाराष्ट्रात त्याच २००० सालापासून नवा भाडे कायदा लागू झाला आणि पागडीवाले, म्हणजे पागडी भरून राहणारे जुने भाडेकरू, राहिले. निदान माणसं तरी आहेत तुमच्याकडे.

तिसरामाळा
आहेत, कारण दुसरीकडे परवडत नाही. याला संस्कृती म्हणू नका.

मुगभाटकर
मान्य. पण टॉवर झाल्यावर मेंटेनन्स झेपेना म्हणून खोली विकून डोंबिवली-विरारला गेलेलेही पाहिलेत ना? हेरिटेज घराला न वापरलेल्या एफएसआयपोटी (बांधकामाच्या हक्कापोटी) टीडीआर, म्हणजे तो हक्क दुसरीकडे वापरायला विकता येण्याची सोय, १९९५ च्या नियमांपासूनच आहे. तो पैसा दुरुस्तीत घालायला लावा.

तिसरामाळा
टीडीआर मालकाला मिळतो. आणि आमची चाळ तर हेरिटेज यादीतही नाही. भाडेकरूच्या घरात संडास कोणत्या नियमाने येईल, तेवढं सांगा. मग टॉवरच्या संमतीपत्रावरची सही मागे घेतो.